दोन दारांची गाडी आणि पोपटीचे दिवस

उरण नाक्यावर वालाच्या शेंगांचे ढीग दिसायला लागले की मी वहीत नवं पान उघडते, वर 'पोपटी' लिहिते आणि खाली रेघ मारते. शेतावर मडक्यात शेंगा भाजायच्या त्या बेताची ही यादी. गावठी शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, बटाटे, कोंबडी, तिला लावायचा मसाला, केळीची पानं. मडकं जनादादाकडे असतं आणि भांबुर्डीचा पाला त्याच्या बांधावरच उगवतो, म्हणून ते दोन्ही कंसात. यादी वर्षानुवर्षं तीच आहे, तरी मी ती दरवर्षी नव्यानं लिहिते. जुन्या यादीवर विसंबलं की नेमका ओवा राहतो. यंदाही पान उघडलं, शेंगांपर्यंत आले आणि पेन थांबलं. यादीत पूर्वी कधीच नसलेली एक ओळ आधी लिहायला हवी होती: बाबांना शेतावर कसं न्यायचं?

या प्रश्नाचं उत्तर आमच्या इमारतीखाली दोन खांबांच्या मधे उभं आहे. किंवा प्रश्नच तिथे उभा आहे. वर्ष झालं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी छोटी आहे. बुटकी, दोन दारांची, मागे उतरत गेलेल्या छपराची, पिकल्या जांभळाच्या रंगाची. अशा गाडीला कूपे म्हणतात हे मला ती घेतल्यावर कळलं. मागे सीट आहे असं कागदपत्रांत लिहिलंय. तिथे माझी पर्स आणि पाण्याची बाटली ऐसपैस बसतात, माणूस बसत नाही.

जुनी उंच गाडी थकली तेव्हा मी रीतसर यादी केली होती. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक आहे. परीक्षेला कुठल्या वर्गात कोण बसणार, कुठल्या बाकाचा पाय डुगडुगतो, हे मला पाठ असतं. गाडीच्या यादीत अकरा गोष्टी होत्या. उंच हवी. चार दारं हवीत. बाबांच्या गुडघ्यांना सोसेल अशी सीट हवी. मागे त्यांचा वॉकर मावायला हवा. बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. मी त्यांची एकुलती एक. कळंबोलीला जुन्या गाड्यांचं एक दुकान आहे, तिथे मी आणि विनय, म्हणजे माझा नवरा, गेलो. एक पांढरी गाडी पाहिली. अकराही गोष्टींपुढे बरोबरची खूण पडली. आता ती बाहेर काढायची, तर वाटेत ही जांभळी उभी. दुकानातला माणूस चहाला गेलेला. चावी लावलेलीच होती, म्हटलं, मी हलवते.

दार उघडून बसले. बसले म्हणजे खाली उतरलेच. पाय लांब पसरले, सीटनं दोन्ही बाजूंनी कुशीत घेतल्यासारखं धरलं, गाडी सुरू झाली तेव्हा आवाज पाठीतून आत आला. पंधरा फूट मागे घ्यायची होती. घेतली.

"शोभा, पांढरी काढली बाहेर," विनय काचेवर टकटक करत म्हणाला.

"हो."

"हो काय? उतर की."

मी उतरले नाही. त्या पंधरा फुटांत काय झालं ते मी विनयला सांगू शकले नाही, बंगळुरूच्या लेकीलाही नाही. ती फोनवर म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना? बीपी बघितलंस?" बीपी बघितलं. बरोबर होतं.

मार्गशीर्षात गाडी घरी आली. बाबा लिफ्टमधून वॉकर टेकत खाली आले, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"काय गो शोभे, बाकीची गारी मागून येते का?"

आमची इमारत आठवडाभर या वाक्यावर हसत होती. पण पूजा मात्र बाबांनीच केली, आणि मिठागरावरच्या रिवाजानं केली. त्यांचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलं; आधी अंगमेहनतीनं, मग मुकादम म्हणून. तिथे हंगामाचा पहिला ट्रक निघाला की पुढच्या चाकासमोर अख्खा नारळ ठेवायचे आणि ट्रकनं तो फोडूनच पुढे जायचं. बाबांनी तसाच नारळ ठेवला, लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि हात वर करून ओरडले, "घे पुढं!" मी घेतली. ट्रकचं चाक नारळापर्यंत आधी पोचतं. या गाडीचं नाक आधी पोचलं. नारळ शाबूत राहिला आणि गाडीच्या हनुवटीला बोटभर चीर पडली. बाबा वाकून बघायला गेले, पण गुडघ्यांनी वाकू दिलं नाही. अर्ध्यातच थांबून ते म्हणाले, "ही चालते का सरपटते?"

ती चीर मी दुरुस्त करून घेतलेली नाही. वेळ मिळाला नाही असं मी सांगते.

अशी गाडी असणं म्हणजे नक्की काय, ते कुणी विचारलं तर मला गतिरोधकांपासून सुरुवात करावी लागेल. पनवेलमधले सगळे गतिरोधक आता माझ्याकडे लिहिलेले आहेत: कुठला सरळ जातो, कुठला तिरका घ्यायचा, कुठल्यावर जायचंच नाही. तिरकी घेताना मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो आणि शेजारून पुढे जाताना आत डोकावतो. केस पांढरे झालेली बाई बघून त्याचा हॉर्नवरचा हात सुटतो. कार्यालयात दोघांनी तरी विचारलं, "मॅडम, मुलाची का?" मला मुलगा नाही हे दोघांनाही माहीत आहे. एकदा तर मीच "हो" म्हणून टाकलं, आणि दिवसभर ते मनात टोचत राहिलं. दारं लांब असतात, त्यामुळे खांबांच्या मधे ती पूर्ण उघडत नाहीत. मी पोट आत घेऊन, पर्स डोक्यावर धरून बाहेर येते. चढावर समोरचं दिसत नाही, वळणावर मागचं दिसत नाही. एवढं सगळं गैरसोयीचं मी आयुष्यात दुसरं काही घेतलेलं नाही. साडीसुद्धा धुवायला सोपी बघून घेते.

आणि तरीही सकाळी सहाला, "पेट्रोल भरून येते" असं सांगून मी नेऱ्याच्या रस्त्याला लागते. डोंगराच्या पायथ्याशी धुकं असतं. कापलेल्या भाताचे सड उभे असतात. गाडी जमिनीला इतकी लागून असते की गवत काचेच्या उंचीला येतं आणि चाळीसचा वेग साठसारखा वाटतो. वळणावर ती अंग न हलवता वळते. एकदा अशा वळणावर मी मोठ्यानं हसले. एकटीच. लगेच आरशात पाहिलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. पेट्रोल भरलेलं नसतंच. घरी येते तेव्हा बाबा गॅलरीतल्या खुर्चीवर बसून फाटकाकडे बघत असतात. ते काही विचारत नाहीत. मी चहा टाकते. वळणावरचं ते हसू आणि ही खुर्ची, दोन्ही एकाच सकाळी, एकाच बाईच्या. कुठल्या पानावर काय लिहायचं ते मला समजत नाही.

कारण रविवार बंद झाला होता.

जुन्या उंच गाडीतून दर रविवारी साडेआठला मी बाबांना खाडीकडे न्यायची. बांधाच्या टोकाला गाडी उभी करायची आणि ते दाखवायचे: हितं आमचं आगर, हितून भरतीचं पानी आत घ्यायचो, हितं तुझी आय डोक्यावर टोपली घेऊन चालायची. आता तिथे भराव आहे आणि पत्र्याचं कुंपण. ते कुंपणाच्या पलीकडे बोट दाखवत बोलायचे. दर रविवारी तेच. मी अर्ध्या कानानं ऐकत मनात आठवड्याची भाजी ठरवायची. तेवढाच वेळ ते घराबाहेर असायचे. नवी गाडी आल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी बसायचा प्रयत्न केला. एक पाय आत टाकला, छपराला डोकं आपटलं, पाय बाहेर काढला. पुढच्या रविवारी त्यांना सर्दी होती. त्याच्या पुढच्या रविवारी टीव्हीवर सामना होता.

"बाबा, ओळखीची रिक्षा सांगून ठेवते ना. रिक्षात बसता येतं तुम्हाला."

"रिक्षावाल्याला काय दाखवू? त्याचं काय गेलंय तिथं?"

मी वहीत लिहिलं: गाडी बदलणे. पुढच्या आठवड्यात ती ओळ पुढच्या पानावर घेतली. मग त्याच्या पुढच्या. माझ्या वहीत कुठलीही ओळ दोनदा पुढे जात नाही. ही जात राहिली.

गेल्या वर्षीच्या पोपटीचं बोलावणं आलं ते याच दिवसांत. जनादादा म्हणजे माझा चुलतभाऊ, नेऱ्याला शेती करतो. पोपटी त्याच्याच शेतावर होते. त्यानं फोनवर विचारलं, "काकाला आनायला टेम्पो धाडू का? तुझ्या त्या खेळन्यात काका मावनार नाय." मी हो म्हणणार, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "माजी पोर हाय, तिची गारी हाय. टेम्पो कशाला?"

खाली आलो. मी दार उघडून उभी. त्यांनी मला बाजूला केलं. "होरीत कसं बसतात? पाय आधी टाकला तर होरी कलंडते. बूड आधी." गाडीकडे पाठ करून, वॉकर धरून ते सावकाश खाली गेले, धप्पकन बसले, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. इतके दिवस मला हे सुचलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नव्हतं. शेंगा, कोंबडी, अंडी आणि वॉकर, सगळं विनयच्या स्कूटरवर गेलं. विनय म्हणाला, "बरोबर आहे. गाडी दोघांची, सामान नवऱ्याचं."

शेवटचा गतिरोधक तिरका ओलांडला. बाबांचे दोन्ही हात मांडीवर.

"हिला पलता येतं, का नुसती दिसायला?"

मी पाय दाबला. बाबांच्या घशातून एक लांबलचक "होऽऽ" निघालं आणि ते हसायला लागले. मी पाहिलं नाही, नजर रस्त्यावर होती. फक्त ऐकलं. बाबांचं ते हसणं मी पूर्वी कधी ऐकलं होतं ते आठवून पाहिलं, नाही आठवलं.

शेतावर पोचलो आणि त्यांना उतरता येईना. होडीतून उतरताना धरायला उंच काठ असतो. इथे काठच नव्हता. जनादादा धावत आला. बाबांनी त्याला हातानंच थांबवलं. "हात लावू नको. मी बरा हाय हितं." मग पोपटीच गाडीकडे आली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी, त्यावर शेंगांचे थर, मीठ, ओवा, मधे कोंबडी, वर पुन्हा पाला ठासून, मडकं उपडं. गाडीपासून दहा पावलांवर जाळ पेटला. दार सताड उघडं, पाय धसकटांत सोडून बाबा आतूनच हुकूम देत होते. "जना, डाव्या अंगाला जाळ कमी हाय. आंधला हायस का?" मडक्यावर पाणी शिंपडलं की ते चुर्रकन उडून गेलं पाहिजे, तेव्हा पोपटी झाली. तो आवाज त्यांना गाडीत ऐकू आला आणि त्यांनीच आधी सांगितलं, "झाली. काढा." जनादादाची बायको पहिली पत्रावळ त्यांच्याकडे घेऊन गेली. "काका तं नवरदेवासारखं बसलंय!" शेंगांची सालं, अंड्याची टरफलं, मसाल्याची बोटं, सगळं माझ्या सीटवर. मला जराही राग आला नाही. भांबुर्डीच्या धुराचा कडवट वास गाडीला होळीपर्यंत होता. मी दोनदा सीट धुतल्या, पण वास गेला नाही तेव्हा बरं वाटलं.

तिथेच दिवस संपायला हवा होता.

संध्याकाळी घरी आलो आणि मी सवयीनं गाडी खांबांच्या मधे घातली. दार अर्धंच उघडलं. तेव्हाच पुन्हा मागे घ्यायला हवी होती; पण बाबांनी पाय बाहेर टाकला होता. त्यांनी एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा ते उठले आणि गुडघा गेला. खांबाला घासत ते खाली फरशीवर बसले. वॉचमन आला, पहिल्या मजल्यावरचे काका आले, कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. विनयनं आणि तीन जणांनी उचललं. लिफ्टमध्ये बाबा म्हणाले, "पोपटी झकास झाली." त्यानंतर ते गाडीजवळ फिरकले नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यांच्या हृदयामुळे डॉक्टरच तयार नाहीत, तेव्हा तीही वाट बंद.

पूर्ण वर्ष ते गाडीबद्दल चांगलं बोलले नाहीत की वाईट बोलले नाहीत. एखाद्यानं भांडावं तरी.

म्हणून यंदा पेन थांबलं तेव्हा मी वही मिटली आणि गाडी विकायला काढली. रोडपालीचा एक तरुण बायकोला घेऊन गेल्या रविवारी दहाला आला. मी गाडी आधीच खांबांतून बाहेर काढून ठेवली होती, कागद फाईलमध्ये क्रमानं लावले होते. त्यानं खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं. त्याची बायको शेजारच्या सीटवर क्षणभर बसून उतरली आणि दार उघडंच ठेवून बाहेर उभी राहिली.

"एकदम मस्त ठेवलीये मॅडम. मग विकताय कशाला?"

"वडिलांना बसता येत नाही."

सरळ, खरं कारण होतं. ते सांगून मान वर केली तर बाबा लिफ्टमधून बाहेर येत होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. ते कुणाकडेही न बघता उघड्या दारापर्यंत आले, पाठ केली, धप्पकन बसले आणि एकेक पाय आत घेतला.

"बाबा, यांना चक्कर मारायचीये."

"मारू दे की. मी कुठं नको म्हनतो?"

"अहो, उतरा ना जरा."

"उतरता येत नाय." मग त्या तरुणाला, फार अदबीनं: "गुरगे गेलेत माजे. तुमी असं करा, उद्या या. नायतर परवा."

"आजोबा, मी धरतो ना तुम्हाला."

"धरून काय व्हतंय? गेल्या साली सात मानसं लागली व्हती."

चार लागली होती. मी मोजली होती. पण मी बोलले नाही, आणि का बोलले नाही तेही मला ठाऊक नाही. तरुण माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या बायकोला हसू आवरेना. "चल रे," ती म्हणाली, "आजोबांनी जागा धरलीये." फोन करतो असं सांगून ते गेले.

मी त्यांच्या दारापाशी उकिडवी बसले. माझेही गुडघे वाजले.

"बाबा, खरंच उतरता येत नाही?"

"तू आधी सांग. इकायची हाय तुला?"

"विकायला हवी."

"हवी का नको ते नाय इचारलं. तुला इकायची हाय का?"

मी फाईलच्या दोऱ्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या.

"नाही."

"का?"

"माहीत नाही बाबा. खरंच माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले. जणू मी पूर्ण उत्तर दिलं होतं.

"पण तुमचा रविवार..."

"खारी गारीतून दिसते. मी कुठं तिथं उतरायचं म्हनतो?"

"आणि घरी आल्यावर? मागच्यासारखं झालं म्हणजे?"

"घरी आल्यावर तू हायस ना?"

इतक्या सहज कुणी स्वतःला माझ्यावर टाकलं नव्हतं. मी सगळं वाटून देणारी बाई; हे काम याचं, ते त्याचं. मी फाईल मागच्या सीटवर टाकली आणि दुसऱ्या बाजूनं आत बसले. खाडीवर अर्धा तास थांबलो. खालून कुंपण आणखी उंच दिसत होतं, पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. बाबा तरी बोट दाखवून सांगत होते, आणि भाजी काय करायची हे मी त्या दिवशी ठरवलं नाही.

परत आल्यावर गाडी मोकळ्यावर उभी केली, दार पूर्ण उघडलं, पाय रोवून उभी राहिले. त्यांनी दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले. पहिल्या वेळी दोघेही परत खाली गेलो. दुसऱ्या वेळी ते उठले आणि क्षणभर त्यांचं सगळंच्या सगळं वजन माझ्या खांद्यांवर आलं. त्या गिऱ्हाइकासमोर त्यांनी नाटक केलं की त्यांना खरंच उठता येत नव्हतं, ते मी पुन्हा विचारलं नाही. माझी मान अजून दुखते आहे. आज जनादादाचा फोन आला, टेम्पो धाडू का म्हणून. मी नको म्हटलं आणि विनयला सांगितलं, स्कूटरमध्ये हवा भरून ठेव.